जुन्या अणुभट्टीच्या दुरुस्तीला कोण जातो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारचा दिवस होता, आम्ही नुकतेच विहारातून घरी आलो होतो. एवढ्यात वस्तीतल्या एक माउली दारात उभ्या राहिल्या. "जयभीम भाऊ, बसायला न्हाई आले, इचारायला आले," म्हणाल्या. त्यांचा धाकटा मुलगा वेल्डर आहे. आय.टी.आय. झालेला, हात चांगला. शिरवळच्या एम.आय.डी.सी.त कधी काम असते, कधी नसते. अशा मुलांना कंत्राटदार गाठतात आणि साखर कारखान्यांच्या, वीज केंद्रांच्या 'शटडाऊन'च्या कामाला दोन-दोन महिने घेऊन जातात. आमच्या भागातली बरीच पोरे अशी फिरतात, त्यात नवीन काही नाही. पण या खेपेला कंत्राटदाराने अणुभट्टीच्या दुरुस्तीचे काम आहे असे सांगितले होते. रोज जवळजवळ दुप्पट. कुठली भट्टी, किती दिवस, हे पोराला नीट ठाऊक नव्हते.

"तुम्ही शिकलेले हाय. जाऊ देऊ का नको, एवढंच सांगा."

आता आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च विचारा, पगारपत्रक विचारा, अणूतले आम्हांस काय कळणार? पण 'कळत नाही' म्हणून त्यांना परत पाठवणे मनाला पटेना. आठ दिवसांची मुदत मागून घेतली, मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. अशी विचारणा उद्या कुणाच्याही घरी होऊ शकते.

तारापूरची जुनी जोडी

मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बोईसर स्टेशनपासून जवळ, अरबी समुद्राच्या काठी तारापूर आहे. पूर्वी हा ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा झाला. भारतातले पहिले अणुवीज केंद्र येथे उभे राहिले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या बांधून दिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. प्रत्येकीची ताकद २१० मेगावॅट. वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला. आपल्या शिरवळच्या घरातला दिवा कोयनेच्या विजेवर पेटतो की तारापूरच्या, हे कुणालाच सांगता यायचे नाही, कारण सगळी वीज एकाच जाळ्यात पडते. म्हणून तारापूर आपल्यापासून लांब आहे असे कुणी समजू नये.

या भट्टीची तऱ्हा साधी आहे. पोलादी पिंपात युरेनियमच्या कांड्या असतात, त्यांच्या उष्णतेने पाणी उकळते, वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. पाणी कांड्यांभोवती सारखे फिरते राहावे म्हणून जाड स्टेनलेस पोलादाचे पाइप आणि पंप बसवलेले असतात. जोडीला दुय्यम वाफ तयार करणारी यंत्रे होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्या. दुरुस्त करून करून थकले, शेवटी १९८० च्या दशकाच्या मध्यास ती यंत्रे बाजूला काढली आणि २१० मेगावॅटची भट्टी १६० मेगावॅटवर आणून चालवली. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांतच या जोडीचे एक अंग कायमचे निकामी झाले होते.

येथे आपल्या अभियंत्यांचे आणि कामगारांचे श्रेय नाकारून चालणार नाही. १९७४ साली पोखरणला अणुचाचणी झाली आणि पुढे अमेरिकेने हात आखडता घेतला. सुटे भाग मिळेनात, इंधनाची पंचाईत झाली. इंधन आधी फ्रान्सकडून, मग चीनकडून, पुढे रशियाकडून आणावे लागले. मूळ कंपनीच्या आधाराशिवाय या लोकांनी ती भट्टी पन्नास वर्षे चालती ठेवली. मोठा अपघात तेथे झालेला नाही, हेही सांगितलेच पाहिजे. २००५-०६ च्या हिवाळ्यात दोन्ही भट्ट्या काही महिने बंद ठेवून नवी मोठी डिझेल जनित्रे बसवली, आणीबाणीची वीजव्यवस्था दोघींची वेगळी केली, मुख्य नियंत्रण कक्ष निकामी झाल्यास वापरता येईल असा पर्यायी कक्ष केला.

आणि तरीही वय चुकले नाही. पाणी फिरवणाऱ्या त्या मुख्य पाइपांनाच तडे दिसू लागले. २०२० साली, आधी एक आणि काही महिन्यांनी दुसरी, अशा दोन्ही भट्ट्या बंद कराव्या लागल्या आणि पाइप बदलण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. जगभर या जातीच्या भट्ट्यांत हाच आजार आहे. वेल्डिंगच्या जोडाजवळचे पोलाद आतून ताणलेले असते, त्यात कढत पाणी आणि त्यातला प्राणवायू. वर्षानुवर्षांनी बारीक चीर पडते आणि ती बाहेरून डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या भगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निघते, शिट्टी होत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचे शिसे जुने झाले की धाकधूक वाटते. कुकरची रिंग बाजारातून आणून बदलता येते. भट्टीत मात्र सगळेच बदलता येत नाही. ते जे मोठे पोलादी पिंप आहे, त्यावर आतल्या कणांचा मारा होऊन पोलाद वर्षागणिक ठिसूळ होत जाते. पिंप बदलायचे म्हणजे नवी भट्टीच बांधायची. म्हणून बांधतानाच त्याच पोलादाचे लहान तुकडे पिंपात टांगून ठेवतात आणि अधूनमधून एकेक काढून तोडून बघतात. विजेच्या केबलींचे रबर-प्लॅस्टिकही उष्णतेने ताठरते, आपल्या घरातल्या जुन्या वायरसारखे.

घसाऱ्याचा हिशेब

आता आमच्या विषयाकडे येतो. कॉमर्सच्या मुलाला पहिल्या वर्षीच घसारा शिकवतात. दहा लाखांचे यंत्र घेतले, दरवर्षी त्याची किंमत वहीत थोडी थोडी कमी करायची. शेवटी यंत्राची किंमत वहीत एक रुपया उरते. यंत्र मात्र जागेवर उभे असते आणि माल काढत असते. मालकाला त्यासारखे सोन्याचे यंत्र दुसरे नाही. भांडवल फिटलेले, व्याज संपलेले, आता निघेल ते निव्वळ. तारापूरच्या या जुन्या जोडीची वीज बरीच वर्षे युनिटला एक रुपयाच्या आसपास पडत असे, देशातली सर्वांत स्वस्त अणुवीज. कारण हेच. म्हणूनच जुनी भट्टी बंद करायला कुठल्याही देशातला हिशेबनीस लवकर तयार होत नाही. जपानमध्ये फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची चाळीस वर्षे भरत आली, तेव्हा आणखी दहा वर्षे चालवण्याची परवानगी ७ फेब्रुवारी २०११ ला मिळाली. पुढे ११ मार्चला भूकंप आणि सुनामी आली, जनित्रे पाण्याखाली गेली, भट्ट्या वितळल्या. त्या दुर्घटनेचे कारण समुद्राची लाट होती, जुना पाइप नव्हे, हे खरे. पण तीही जनरल इलेक्ट्रिकच्याच जातीची, तारापूरनंतर दोनच वर्षांनी चालू झालेली भट्टी होती. त्या काळच्या माणसांना जेवढे संकट सुचले तेवढ्यापुरतीच तिची तरतूद होती.

आमचा सवाल असा की, वहीतून जो घसारा संपतो तो जातो कुठे? यंत्राची झीज तर थांबत नाही. ती दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर येते.

अणुभट्टीत हे अगदी अक्षरशः घडते. ज्या पाइपातून वर्षानुवर्षे भट्टीचे पाणी वाहिले त्याच्या आतल्या बाजूला किरणोत्सर्गी गंज बसलेला असतो. पाइप कापायच्या आधी तो रसायनांनी धुतात, शिशाच्या पडद्यांनी झाकतात, तरी काही किरण राहतातच. तेथे माणसाला मोजकाच वेळ उभे राहता येते. आपल्या देशात किरणांच्या कामावरील माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. बाहेरच्या सामान्य माणसासाठी वर्षाला १. एका वेल्डरचा वाटा भरला की त्याला बाहेर काढून दुसरा आत पाठवतात. काम अवघड असेल तर माणसे जास्त लागतात. कायम नोकरीतल्या माणसांवर हा सगळा भार टाकला तर पुढच्या वर्षी भट्टी चालवायला कुणी उरणार नाही. मग बाहेरची माणसे आणतात. सगळ्या जगाची ही रीत आहे, फ्रान्स-जपानसारख्या पुढारलेल्या देशांचीसुद्धा. भट्टी जितकी म्हातारी तितकी दुरुस्ती जास्त, आणि तितकी कंत्राटी माणसे जास्त.

एक ओळ राहून गेली

नियम आहेत, तपासण्या आहेत, मग भीती कसली, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. तेथे वाफेच्या पाइपांचे तपासणी रजिस्टर आमच्याकडे असे. फिटर तोंडी सांगायचा, आम्ही लिहायचो. पावसाळ्यात एक महिना फिटर रजेवर होता आणि आम्ही मागच्या महिन्याच्या ओळींखाली 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे' अशी खूण ओढत गेलो. साहेबांनी सही केली. पुढच्याच महिन्यात त्यांतला एक व्हॉल्व्ह उडाला आणि एका हेल्परचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. त्याला कुणी विचारले नाही, आम्हांलाही कुणी विचारले नाही. रजिस्टर व्यवस्थित होते ना! तो माणूस आजही बाजारात भेटला की आपण होऊन जयभीम घालतो आणि आमची मान खाली जाते.

म्हणून जपानमधल्या मिहामा केंद्राची हकीकत वाचताना आमच्या अंगावर काटा आला. ९ ऑगस्ट २००४. तिसऱ्या भट्टीच्या टर्बाइनच्या इमारतीत कढत पाण्याचा मोठा पाइप अचानक फुटला. वाफेत होरपळून पाच कामगार गेले, सहा जखमी झाले. किरणोत्सर्गाचा त्यात संबंध नव्हता, वाफ साधीच होती. पाइपाची जाडी मुळात दहा मिलिमीटर. आतून झिजून झिजून काही ठिकाणी दीड मिलिमीटरही उरली नव्हती. भट्टी १९७६ साली सुरू झाली, तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. का? तर तपासायच्या जागांच्या यादीत ती ओळच राहून गेली होती. चूक ध्यानात आली तीही आदल्या वर्षी, आणि आता पुढच्या बंदमध्ये बघू असे ठरले. तो बंद अपघातानंतर पाचच दिवसांनी सुरू व्हायचा होता! मेलेली माणसे त्याच बंदची पूर्वतयारी करायला आलेली, कंत्राटदाराकडची.

अमेरिकेत डेव्हिस-बेसी केंद्रात २००२ साली असेच उघडकीला आले. भट्टीच्या झाकणातून आम्लाचे पाणी झिरपत होते. त्याने सोळा-सतरा सेंटिमीटर जाडीचे पोलाद खाऊन टाकले आणि आतले जेमतेम एक सेंटिमीटर अस्तर तेवढे दाब सोसत उभे होते. तपासणी आधीच व्हायची, पण उत्पादन बुडते म्हणून ती काही आठवडे पुढे ढकलून घेतली होती.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात नरोरा येथे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. हादऱ्याने हायड्रोजन आणि तेल पेटले, आगीत केबली जळाल्या. मुख्य वीज गेली आणि राखीव वीजही गेली, कारण दोन्हींच्या केबली शेजारून नेलेल्या! सुमारे सतरा तास केंद्र अंधारात होते. कामगारांनी बॅटऱ्यांच्या उजेडात वर चढून हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि भट्टी थंड राखली. ही भट्टी तर नवी होती. त्या माणसांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

तपासणाऱ्याला तपासणार कोण?

१९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. भट्टी सुरक्षित आहे की नाही हे त्याने पाहायचे. पण ते मंडळ ज्या आयोगाला उत्तरदायी, त्या आयोगाचे अध्यक्ष म्हणजे भट्ट्या चालवणाऱ्या खात्याचेच सचिव. गावातले साधे उदाहरण द्यायचे तर सोसायटीचा चेअरमन आणि सोसायटीचा ऑडिटर एकाच घरातले. १९९३ ते १९९६ या काळात डॉ. ए. गोपालकृष्णन हे मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९५ साली, देशभरच्या अणुकेंद्रांतल्या सुमारे १३० सुरक्षा-त्रुटींची यादी तयार झाली. ती लोकांसमोर ठेवली गेली नाही. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांबद्दल त्यांनी नंतरही जाहीरपणे काळजी बोलून दाखवली. २०१२ साली कॅगने या मंडळावर अहवाल दिला, त्यात मंडळाला स्वतंत्र अधिकार नसल्याचे म्हटले आणि दंड अगदीच किरकोळ असल्याचेही दाखवून दिले. १९६२ च्या कायद्याखालचा नियम मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये! मोटारसायकलवर तिघे बसले तर शिरवळच्या नाक्यावर यापेक्षा जास्त द्यावे लागतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. मंडळाला कायद्याचा आधार मिळाला, आणि त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही अणुविजेचा दरवाजा उघडला. पहिली गोष्ट उशिरा का होईना, चांगली झाली. दुसरीबद्दल एवढेच म्हणतो की, घसारा संपलेले यंत्र बंद करण्याची बुद्धी खाजगी मालकाला होते, असा आमचा तरी अनुभव नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. देशाच्या वीजनिर्मितीचे धोरणही तेव्हा त्याच खात्याकडे होते. मजुरांचे तास, मजुरांचा विमा आणि विजेची योजना यांच्या फायली एकाच टेबलावर येत. पुढे ही टेबले वेगळी झाली. आज विजेच्या फायलीत मेगावॅट असतात, पैसे असतात, पाइपाच्या आत वाकून उभा राहिलेला वेल्डर कुठल्या फायलीत असतो, ते शोधावे लागते.

पोराला काय सांगितले

आठ दिवसांनी मायलेक दोघे आले. 'जाऊ नको' असे आम्ही म्हटले नाही. घरात दोन बहिणी शिकताहेत आणि दुप्पट रोजाचा मोह आम्ही नाकारायला सांगायचे, हे आमच्या महिन्याच्या पगाराच्या खुर्चीत बसून शोभत नाही. आम्ही म्हटले, "बाळा, आधी चार गोष्टी विचारून घे. तोंडी नको, कागदावर."

पहिली गोष्ट बिल्ल्याची. अशा कामावर छातीला टी.एल.डी. बॅज लावतात. त्यात किरणांचा हिशेब साठतो आणि ठरावीक काळाने तो प्रयोगशाळेत वाचतात. शिवाय खिशात एक छोटे मापक असते, त्यावर आजचा आकडा आजच दिसतो. बॅज आपल्याच नावाचा हवा. दुसऱ्याचा लावायचा नाही, आणि काम लांबावे म्हणून आपला काढून बाहेर ठेवायचा तर मुळीच नाही. रोज बुडेल म्हणून माणसे असे करतात, हे आम्ही शटडाऊनला जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे.

"काका, बॅज काढून ठेवला तर कुणाला कळतंय?" पोराने विचारले.

"कुणालाच नाही. तुलासुद्धा नाही. हीच तर अडचण आहे."

दुसरी गोष्ट नंबरची. किरणांच्या कामावर जाणाऱ्यांची देशभराची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवतात. माणसाला नंबर मिळतो आणि तो आयुष्यभर त्याचाच राहतो. आज या भट्टीवर, दोन वर्षांनी दुसऱ्या भट्टीवर, कंत्राटदार बदलला तरी बेरीज एकच झाली पाहिजे. तो नंबर आणि काम संपल्यावरचा एकूण आकडा स्वतःकडे लिहून घ्यायचा, आईच्या ट्रंकेत ठेवायचा. प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर न घेता सोडलेल्या नोकऱ्यांचे पैसे आमच्या वस्तीत किती जणांचे बुडाले, ते आम्ही अर्ज लिहून लिहून पाहिले आहे. येथे तर पैशांचा प्रश्न नाही.

तिसरी, आत जाण्यापूर्वीचे प्रशिक्षण किती दिवसांचे आणि कोणत्या भाषेत. चौथी, कामाआधीची आणि नंतरची रक्ततपासणी कोण करणार आणि रिपोर्टची प्रत मिळणार का. पाच-दहा वर्षांनी काही दुखणे निघाले तर तेव्हा हाच कंत्राटदार जागेवर असेल का, हा प्रश्न माउलींनी स्वतःहून विचारला. आमच्या यादीत तो नव्हता. आम्ही तो पाचवा म्हणून घातला.

पोराने सगळे एका वहीच्या पानावर उतरवून घेतले आणि आमच्यासमोरच कंत्राटदाराला फोन लावला. पलीकडचा माणूस आधी हसला. मग म्हणाला, "एवढं कुणी विचारत नाही बाबा. विचारून सांगतो."

हा मजकूर लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. पोरगा सध्या येथेच एका शेडच्या कामावर आहे, रोज नेहमीचाच. वहीचे ते पान मात्र त्याने फाडून आईकडे दिले आहे आणि गेल्या आठवड्यात पलीकडच्या आळीतली दोन पोरे ते उतरवून घ्यायला आली होती.